गरज जिल्ह्याची, हप्ता घरचा

बीड जिल्ह्यात मानसशास्त्र शिकलेल्या माणसांची गरज आहे का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं येत आलं आहे. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची माहिती आली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या बायकांशी शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर कुणी निवांत बोललं असेल असं वाटत नाही. दसऱ्यानंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले की आजीपाशी राहणारी पोरं आहेत, 'नीट'च्या क्लासला लातूरला खोली करून राहणारी पोरं आहेत, भरती निघत नाही म्हणून तिशी गाठलेली पोरं आहेत. गरज अशी पदोपदी दिसते. पण गरजेला पगार जोडलेला असतोच असं नाही. पगार तिथेच असतो जिथे पैसे मोजणारा कुणीतरी ठरलेला आहे, मग तो सरकार असो, संस्था असो नाहीतर पेशंट. पदवीला नाव घालण्याआधी हा मोजणारा शोधायला हवा, आणि बीडमध्ये नेमकं तेच राहून जातं.

इथे दोन वर्षांचं एम.ए. मानसशास्त्र करण्याची कारणं निरनिराळी आहेत. काहींना विषयाची खरी ओढ असते. काहींनी बी.ए.ला हा विषय घेतलेला असतो आणि प्रॅक्टिकल असल्यामुळे तो बरा वाटलेला असतो. बरेच जण एम.ए.ला नुसतं 'नाव टाकून ठेवतात': वसतिगृह सुटत नाही, एसटीचा पास चालू राहतो, घरच्यांना सांगायला काहीतरी असतं, आणि दिवस अभ्यासिकेत एमपीएससीच्या किंवा पोलीस भरतीच्या तयारीत जातो. या शेवटच्या गटाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचा हिशेब स्वच्छ आहे, कारण पदवीकडून त्यांची कमाईची अपेक्षाच नाही. अडचण होते ती विषयाच्या ओढीने, पुढे 'सायकॉलॉजिस्ट' व्हायचं म्हणून कर्ज काढणाऱ्यांची.

या शिक्षणात पैसा कुठे अडकतो ते दिव्यांग प्रमाणपत्राच्या दिवशी सरकारी रुग्णालयात उभं राहिलं की कळतं. समजा, धारूरकडची एक बाई बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली आहे. मुलापुढे लाकडी पाट ठेवतात. त्यात दहा आकारांच्या खोबणी असतात: गोल, चौकोन, चांदणी, फुली. ठोकळे बाजूला रचून ठेवलेले असतात. मुलाने ते आपापल्या खोबणीत बसवायचे, तेही तीनदा, आणि दर वेळी समोरचा माणूस घड्याळ बघून सेकंद लिहितो. हा सेगीन फॉर्म बोर्ड. भाषेची कुवत बघायची असेल तर बिने-कामत चाचणी निघते. वि. वि. कामत यांनी ती 1930च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. मराठीत आपल्याकडे चाचण्यांचा दुष्काळ एवढा की तिची नावनिशाणी अजून पुसलेली नाही. आता हे ठोकळे मांडणं, वेळ घेणं, कोष्टकातून बुद्ध्यांक काढणं एम.ए. झालेल्या कुठल्याही हुशार मुलीला येतं. दोन वर्षं ती प्रॅक्टिकलला तेच करत असते. पण अहवालाखाली तिची सही चालत नाही. सही लागते ती भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये, नोंदणी असलेल्या माणसाची. त्या सहीवर दाखला मिळतो, दाखल्यावर पेन्शन, पास आणि शाळेतल्या सवलती. पदवी काम शिकवते, पण पैसे सहीचे मिळतात.

ही सही एम.ए.ने मिळत नाही, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी फारसं कुणी स्पष्ट सांगत नाही. 1992च्या आरसीआय कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी बांधली. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही त्याच चौकटीतून त्याची व्याख्या करतो. आजवरचा ठरलेला रस्ता असा: दोन वर्षांचं एम.ए., त्यावर दोन वर्षांचं एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी, तेही आरसीआयची मान्यता असलेल्या संस्थेत. तिथे जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षेला रीघ. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवलं, पण या शाखेपुरती यूजीसीने 2025-26पर्यंत मुदत वाढवून दिली. मधल्या काळात आरसीआयने बी.एस्सी. आणि एम.ए.च्या पातळीवर स्वतःचे क्लिनिकल सायकॉलॉजीचे अभ्यासक्रम आखले. त्यामुळे गोंधळात भर पडली आहे. 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' या एकाच नावाची एक पदवी नोंदणीपर्यंत नेते आणि दुसरी नेत नाही, आणि खासगी विद्यापीठाच्या रंगीत माहितीपत्रकात दोन्ही सारख्याच दिसतात. बाकीच्या मानसशास्त्रज्ञांना 2021च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने आपल्या यादीत घेतलं आहे. त्याच कायद्याचा आधार घेऊन यूजीसीने 2025च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली. नोकरी सांभाळून इग्नूचं एम.ए. करणारा जो वर्ग होता, त्याचा सगळ्यात स्वस्त दरवाजा त्यामुळे बंद झाला. निर्णयामागचं कारण पटण्यासारखं आहे, कारण माणसं तपासण्याचं काम पत्राने शिकता येत नाही. पण आष्टी-पाटोद्याच्या अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईला याचा अर्थ 'आता राहू दे' असाच होतो.

मग नुसत्या एम.ए.वर जिल्ह्यात मिळतं काय? कागदावर स्पष्ट लिहिलेला एक आकडा आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या समुपदेशकाचं मानधन महिन्याला 18,536 रुपये ठरलं आहे. पद कंत्राटी, आणि जिल्ह्यासाठी जागा बोटावर मोजण्याएवढ्या. एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, किशोरवयीनांची मैत्री क्लिनिकं, सखी वन स्टॉप सेंटर, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे सगळे रस्ते याच वळणाचे आहेत. ऑर्डर अकरा महिन्यांची, मधे एक दिवसाचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. यांतल्या बऱ्याच जागांना एम.एस.डब्ल्यू. झालेलाही चालतो, आणि मराठवाड्यात एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांची वाण नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद आहे खरं, पण तिथे पुन्हा तीच नोंदणी आडवी येते. गंमत अशी की पद रिकामं आणि एम.ए. झालेली मुलगी घरी, असं चित्र एकाच गावात दिसू शकतं.

खासगीत मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात इतिहास लिहून घेणं, चाचण्या करणं, नातेवाइकांशी बोलणं ही कामं मिळतात. व्यसनमुक्ती केंद्रांतही मिळतात. पगार डॉक्टरांच्या मर्जीवर. स्वतःचं समुपदेशन केंद्र टाकायचं तर बीड शहरात, अंबाजोगाईत किंवा परळीत पाटी लावता येईल. पण नुसत्या बोलण्याचे पैसे देण्याची सवय इथे अजून मुरलेली नाही. गोळी लिहून दिली नाही तर 'काय केलं मग?' असा प्रश्न येतो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यसंस्था सुरू केली, तेव्हा त्यांनाही सवय लावावी लागली होती. पण ठाण्याला मागे मुंबईचा पगारदार मध्यमवर्ग होता. बीडचा पगारदार म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस, बँकवाले, आणि त्यांच्यातले ज्यांना परवडतं ते अशा कामासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठतात. आपल्या गावात कुणी बघू नये, हे त्यामागचं मोठं कारण.

प्राध्यापकीचं स्वप्न तर या विषयाच्या पोटातच असतं, कारण मुलांनी समोर रोज पाहिलेला मानसशास्त्राचा माणूस म्हणजे त्यांचे सरच. नेट किंवा सेट पास झालं आणि कायम जागा मिळाली तर सातव्या वेतन आयोगाची सुरुवात 57,700 मूळ वेतनापासून होते. हाच आकडा डोळ्यांपुढे ठेवून कर्ज काढलं जातं. वास्तवात वाट्याला येतं ते तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी. समजा तासाला हजार रुपये मिळाले आणि आठवड्याला नऊ तास, तर भर सत्रातल्या महिन्याला 36,000 होतात. ऐकायला बरं वाटतं. पण सण गेला, परीक्षा आल्या, सुट्टी लागली की तास नाहीत, आणि तास नाही तर पैसा नाही. वर्षाची बेरीज बारांनी भागली की आकडा निम्म्यावर येतो. शिवाय बिलं महिन्याच्या महिन्याला निघत नाहीत, ती साचून निघतात. बँकेचा हप्ता मात्र साचून चालत नाही. अनुदानित संस्थेत कायम होण्यासाठी 'द्यावं लागतं' ही कुजबूज मराठवाड्यात नवी नाही. तो खर्च कुठल्याच माहितीपत्रकात नसतो आणि त्याला बँक कर्जही देत नाही.

शेजारी बी.एड. ठेवून बघा. तेही दोन वर्षांचंच. एम.ए.सोबत बी.एड. असेल तर अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवण्याची पात्रता येते. 2023पासून उच्च माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला 20,000 मानधन आहे, माध्यमिकला 18,000, आणि तीन वर्षांनी वेतनश्रेणी. भरती पवित्र पोर्टलने होते, म्हणजे टेटचे गुण लागतात, ओळख नाही. अडचण अशी की मानसशास्त्र हा शाळेचा विषय नाही आणि कनिष्ठ महाविद्यालयांत त्याच्या जागा तुटपुंज्या. मराठी, इतिहास, भूगोल घेणाऱ्याला शाळेची दारं उघडी असतात, इथे खिडकी. तरीही मला विचाराल तर नुसत्या एम.ए.पेक्षा एम.ए.-बी.एड. ही जोडी बीडसारख्या जिल्ह्यात जास्त सुरक्षित आहे, मग विषयप्रेमींना ते कितीही अरसिक वाटो.

आता देण्याची बाजू. बीड, अंबाजोगाई किंवा परळीहून रोज जाऊन-येऊन, विद्यापीठाच्या अनुदानित कॉलेजात एम.ए. केलं तर खर्च मुख्यतः प्रवासाचा आणि पुस्तकांचा. मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि विद्यार्थी पासला त्याहून मोठी सवलत. फीचा भार महाडीबीटीवरच्या योजना थोडाफार उचलतात: मागासवर्गीयांना भारत सरकारची शिष्यवृत्ती, आठ लाखांच्या आतल्या खुल्या वर्गाला राजर्षी शाहू शुल्क योजना, बाहेर खोली करून राहणाऱ्यांसाठी स्वाधार आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. पैसे उशिरा येतात हा अनुभव सार्वत्रिक आहे. तेवढ्यापुरते हातउसने घ्यावे लागतात, आणि ते शेकडा तीनने घेतले तर पन्नास हजारांना महिन्याला दीड हजार नुसतं व्याज जातं. वर्षाचे 36 टक्के. बँकेचं शैक्षणिक कर्ज याच्या अर्ध्यालाही पोचत नाही.

पुण्यातल्या खासगी विद्यापीठाचं गणित वेगळं. फी, वसतिगृह, मेस धरून दोन वर्षांना पाच लाख लागतात असं समजू, आणि दोन हप्त्यांत अडीच-अडीच लाखांचं शैक्षणिक कर्ज, दहा टक्क्यांनी. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, त्यामुळे घरात सगळे निर्धास्त असतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. पहिल्या अडीच लाखांवर तीन वर्षांचे 75,000, दुसऱ्यावर दोन वर्षांचे 50,000. फेड सुरू होते तेव्हा देणं सव्वासहा लाखांवर गेलेलं असतं. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे 8,260. बाल संरक्षण कक्षाच्या 18,536 मधून तो गेला की हातात उरतात 10,276. दहा वर्षांत बँकेला जातात 9 लाख 91 हजार. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता 6,700च्या आसपास येतो आणि एकूण देणं बारा लाखांच्या वर जातं. कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकर कलम 80ई खाली सवलत मिळते, असं एजंट आवर्जून सांगतो. अठरा हजारांच्या पगाराला प्राप्तिकरच लागत नाही, हे तो सांगत नाही.

2024च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना इथे कामाची आहे, पण तिची पहिली अट संस्थेची. राष्ट्रीय क्रमवारीतून निवडलेल्या संस्थांपुरतीच ती लागू आहे; सुरुवातीला त्या 860 होत्या. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत, शिवाय साडेसात लाखांपर्यंत सरकारची 75 टक्के हमी, त्यामुळे तारण मागायचं कारण नाही. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेशाच्या आधी बघायचं. नंतर बघून उपयोग नाही.

बीडमध्ये बँकेच्या कर्जाकडे बघण्याची नजर पीककर्जाने घडवली आहे. 2017ला माफी आली, 2019ला पुन्हा आली. कधीतरी तिसरी येईल अशी आशा कुणाच्या मनात नसते? शैक्षणिक कर्ज त्या माफीत बसत नाही. त्यात बाप सहकर्जदार असतो. त्याचं पीककर्ज थकलेलं असेल तर ते सिबिलवर दिसतं आणि मुलीची फाईल अडते. मुलीचा हप्ता थकला तर पुढच्या हंगामाला बापाची अडते. मुलीचं लग्न झालं तर हप्ता माहेरचा की सासरचा, हा प्रश्न सोयरिकीच्या बैठकीत कुणी काढत नाही आणि नंतर तो बापाच्याच खात्यावर येऊन पडतो. मुलीच्या शिक्षणाला म्हणून बाजूला ठेवलेली पुंजी ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेत अडकून बसलेली घरंही याच जिल्ह्यात आहेत. त्यांनी बँकेकडे वळणं समजण्यासारखं आहे. आणि ज्या घरात दर साली मुकादमाकडून उचल घेतली जाते, त्याला 'आधी पैसे, मग काम' ही रीत काही नवी नाही. उचल घेताना निदान समोर ऊस उभा असतो. किती टन तोडले की किती फिटले, हे कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याला, तोंडपाठ असतं. एम.ए.साठी काढलेल्या पाच लाखांपुढे असं काहीच उभं नसतं.

फी एवढाच खर्च नाही, दोन वर्षांची बुडालेली कमाईही धरावी, असं अर्थशास्त्र सांगतं, आणि पुण्या-मुंबईत ते खरं आहे. महिन्याला दहा हजारांची नोकरी सोडून शिकायचं तर दोन वर्षांचे 2 लाख 40 हजार गेले. पण वडवणीच्या बी.ए. झालेल्या मुलीला ती दहा हजारांची नोकरी आहे कुठे? तिच्यापुढे पर्याय असतो तो घर, शेत आणि स्थळं. तिच्यासाठी जवळच्या कॉलेजातली दोन वर्षं जवळपास फुकट पडतात, वर लग्न दोन वर्षं लांबतं, आणि माझ्या मते एकट्या या कारणासाठीसुद्धा ती करावीत. मुलग्यांचा हिशेब वेगळा. चाकणला किंवा हडपसरला कामाला लागलेला मित्र त्यांना दर दिवाळीला दिसतो.

म्हणून माझा कल असा: बिनकर्जाचं एम.ए. जवळच्या कॉलेजात खुशाल करावं. कर्ज काढायचंच असेल तर ते एम.ए.साठी न काढता त्याच्या पुढच्या, सहीपर्यंत नेणाऱ्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी राखावं. आणि संस्थेचं नाव आरसीआयच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. ब्रिटनमध्ये क्लिनिकल मानसशास्त्रातल्या डॉक्टरेटचा विद्यार्थी शिकत असतानाच एनएचएसचा पगारी नोकर असतो, कारण ही माणसं आपल्याला लागणार हे तिथल्या व्यवस्थेने मान्य केलं आहे. आपल्याकडे सरकारी संस्थांतल्या मोजक्या जागा सोडल्या तर हे प्रशिक्षण घरच्या पैशाने घ्यायचं. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नाही. जालन्याचं मंजूर झालेलं रुग्णालय उभं राहून तिथे प्रशिक्षण सुरू झालं तर बीडच्या मुलांचा खोलीभाड्याचा खर्च तरी घटेल.

एम.ए.च्या नव्या आराखड्यात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, सक्तीचा झाला आहे. बऱ्याच ठिकाणी तो ओळखीच्या संस्थेच्या शिक्क्यावर उरकतात. तसं न करता अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात परवानगी काढून ते आठवडे खरोखर बसावं. फुकट मिळणारं प्रशिक्षण जिल्ह्यात एवढंच आहे.

कमाईचं पारडं हलवू शकेल असं एक कारण अलीकडे घडलं आहे. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात निर्देश दिले: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. कोचिंग क्लासही त्यात आले. इथे आरसीआयची सही मागितलेली नाही, बालक आणि किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण मागितलं आहे. 'सेवा घ्यावी' या शब्दांत संस्थाचालकांना पळवाट दिसेल आणि एम.ए. झालेल्यांना काम. पूर्ण पगाराचा माणूस कुठलीही शाळा ठेवणार नाही, पण आठवड्यातला एक वार द्यायला तयार होईल. गेवराई-माजलगाव पट्ट्यातल्या पाच शाळांनी महिन्याला चार-चार हजार दिले तर वीस हजार होतात. दुचाकीचं पेट्रोल जाऊन सतरा उरतात. ते 18,536 पेक्षा कमी आहेत, पण खोलीभाडं नाही, मेस नाही, आणि हप्ता नसेल तर एका माणसाला पुरतात. पुण्याच्या कर्जाचे 8,260 त्यातून भागवायचे तर सात शाळाही कमी पडतील, आणि शाळा भरते आठवड्यातले सहाच दिवस.